चकमकीची ठासणीची बंदूक: पेनसिल्व्हेनियातल्या पहिल्या हरीण-हंगामाची तयारी

नाताळच्या दुसऱ्या दिवशी पेनसिल्व्हेनियात शिकारीचा एक वेगळाच हंगाम सुरू होतो. तोपर्यंत आधुनिक रायफलवाले घरी परतलेले असतात, जंगल शांत झालेलं असतं, बहुतेक वेळा बर्फही असतो. या हंगामात फक्त फ्लिंटलॉक, म्हणजे चकमकीवर चालणारी ठासणीची बंदूक वापरता येते. १९७४ साली राज्याने हा हंगाम पहिल्यांदा घेतला. बंदूक १८०० सालच्या आधीच्या घडणीची हवी, हा दंडक तेव्हापासून आजवर टिकून आहे. स्फोटक टोपी लावून उडवायच्या किंवा इनलाइन, म्हणजे आधुनिक घडणीच्या ठासणीच्या, बंदुकांना ऑक्टोबरमध्ये वेगळी संधी मिळते. नाताळनंतर मात्र दगड आणि पोलाद यांच्याच ठिणगीवर सगळं चालतं.

इथे राहणारे आपले बरेच लोक हे ऐकून विचारतात, "सुरुवात कुठून करायची?" त्यांच्यासाठी हा लेख आहे. चकमकीच्या बंदुकीचा बार फुसका जातो, असा समज सगळीकडे आहे. माझा अनुभव असा, की दहापैकी नऊ फुसक्या बारांमागे भरणाऱ्याची एखादी राहून गेलेली सवय असते. त्या सवयी एका उन्हाळ्यात अंगवळणी पडतात. म्हणून सुरुवात डिसेंबरात करू नका, मे-जूनमध्ये करा.

आणि एक गोष्ट मला मनापासून आवडते. या बंदुकीचे सगळे शब्द आपल्या भाषेत आधीच आहेत. तोंडातून भरायची ती ठासणीची बंदूक, दारू ठासायचा तो गज, दगड पकडणारा तो घोडा, नळीच्या बुडाशी असलेलं बारीक छिद्र म्हणजे कान आणि कानाशी ठेवायची चिमूटभर बारीक दारू म्हणजे रंजक. कोकणात पीक राखण्यासाठी परवान्यावर ठासणीच्या बंदुका बाळगणारी घरं आजही आहेत. खाली मी हेच शब्द वापरले आहेत.

आधी कागदपत्रं

पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा शिकारीचा परवाना काढणाऱ्याला हंटर-ट्रॅपर एज्युकेशन हा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्यानंतर साधा परवाना आणि त्यावर मझललोडरचा, म्हणजे ठासणीच्या बंदुकीचा, वेगळा परवाना. गेम कमिशन दरवर्षी नियमांची पुस्तिका काढतं. तारखा, कुठल्या विभागात नर चालतो, कुठे मादीसाठी वेगळा परवाना लागतो, हे त्यातच बघा. गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नका.

व्हिसावर असाल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार एच-१बीसारख्या व्हिसावरच्या व्यक्तीला बंदूक बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना हा त्यातला एक अपवाद. काळ्या दारूची चकमकीची बंदूक संघीय व्याख्येत 'अँटिक' धरली जाते, म्हणजे त्या व्याख्येतलं 'फायरआर्म' ठरत नाही. पण राज्यांचे कायदे निराळे असतात. शेजारच्या न्यू जर्सीत ठासणीच्या बंदुकीलाही बंदूक-खरेदीचं ओळखपत्र लागतं. स्वतःच्या परिस्थितीबद्दल इमिग्रेशन वकिलाला एकदा लेखी विचारा, मगच बंदुकीला हात लावा. आणि ही बंदूक भारतात नेण्याचा विचारही नको. तिथे तिला शस्त्र परवाना लागतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार गुन्हा आहे.

विकत घेण्याआधी उसनी

ठासणीच्या बंदुकांचे क्लब पेनसिल्व्हेनियात गावोगावी आहेत. तिथली वडीलधारी मंडळी नवख्याच्या हातात स्वतःची बंदूक आनंदाने देतात. राष्ट्रीय पातळीवर एनएमएलआरए (नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशन) ही संस्था १९३३ पासून आहे. तिची वार्षिक स्पर्धा इंडियानातल्या फ्रेंडशिप या गावी भरते. पण त्या आधी एखाद्या रविवारी नॅझरेथजवळच्या जेकब्सबर्गला जाऊन पेनसिल्व्हेनिया लाँगरायफलचं संग्रहालय बघून या. अठराव्या शतकात लँकेस्टर परिसरातल्या जर्मन कारागिरांनी आपल्या आखूड, जाड येगर रायफलची नळी लांब केली, तोंड बारीक केलं, आणि त्यातून ही सडपातळ बंदूक घडली. जेकब डिकर्टसारख्या लँकेस्टरच्या कारागिरांच्या हातची कामं बघितली, की दस्त्याला तेवढा बाक का, नळी इतकी लांब का, हे न सांगता कळतं. पुढे लोक तिला 'केंटकी रायफल' म्हणू लागले, पण तिचं माहेर पेनसिल्व्हेनियाच.

बंदूक घेताना पहिल्यांदा .५० कॅलिबर (नळीच्या पोकळीचा व्यास, इंचांत) घ्या. राज्यात रायफलला किमान .४४ लागतं, त्यामुळे .४५ चालतं, पण .५० ची गोळी, पॅच (गोळीभोवती गुंडाळायचं कापड), साहित्य कुठेही मिळतं आणि हरणाला ती पुरेशी असते. दुसरी गोष्ट नळीतल्या आट्यांची. गोल गोळी वापरायची असेल तर ६० ते ६६ इंचांत एक पीळ देणारी नळी घ्या. ४८ इंचांत एक पीळ ही तडजोड, तीही चालते. २८ इंचांचा पीळ लांबट गोळ्यांसाठी असतो.

पैसे कमी असतील तर ते लॉकवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेवर, घाला. नळी कुठलीही बऱ्यापैकी असते, लाकूड साधं असलं तरी हरणाला कळत नाही, पण लॉक कमजोर असेल तर सगळा हंगाम चिडचिडीत जातो. जुनी बंदूक घेताना लॉक ओढून बघा: घोडा अर्ध्या चापावर (अर्धवट मागे ओढलेल्या जागी) घट्ट बसतो का, आणि अंधाऱ्या खोलीत रिकाम्या बंदुकीचा घोडा सोडला की ठिणग्यांचा झुबका थेट रंजकेच्या वाटीत पडतो का. 'रिकामी' याची खात्री गज नळीत घालून करा. जुन्या बंदुकीत कुणाचा तरी वीस वर्षांपूर्वीचा बार भरलेला सापडणं नवीन नाही.

दारू

सोरा, गंधक आणि कोळसा यांची अस्सल काळी दारूच वापरा. गोएक्स, शुएत्झेन, स्विस ही नावं दुकानात दिसतील. पायरोडेक्ससारखे पर्याय पेटायला जास्त उष्णता मागतात. चकमकीच्या ठिणगीवर ते नीट पेटत नाहीत. आणि धूरविरहित आधुनिक पावडर या बंदुकीत कधीही, चिमूटभरसुद्धा, घालू नका. नळी फुटते, हात जातो.

दाण्याचा आकार 'एफ'वर मोजतात. नळीत दोन किंवा तीन एफ, रंजकेला चार एफ, जी सगळ्यात बारीक असते. .५० साठी दोन एफचे ५० ते ६० ग्रेन (दारू-गोळी मोजायचं छोटं माप) घेऊन सुरुवात करा. मग पाच-पाच ग्रेनने वाढवत जा आणि तुमच्या बंदुकीच्या गोळ्या कुठे एकत्र पडतात ते बघा. बहुतेकांचं ७० ते ९० च्या मध्ये कुठेतरी जमतं. बंदूक बनवणाऱ्याने दिलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. माप नेहमी वेगळ्या मापाने घ्या. दारूच्या शिंगातून किंवा डब्यातून थेट नळीत कधीच ओतू नका. नळीत एखादी ठिणगी धुमसत राहिली असेल तर हातातलं अख्खं शिंगच पेटेल.

गोळी .४९० इंचाची, मऊ शुद्ध शिशाची. वजन साधारण १७७ ग्रेन, म्हणजे साडेअकरा ग्रॅम. तिच्याभोवती .०१५ इंच जाडीचा सुती पॅच. उशांच्या अभ्ऱ्याचं पट्ट्यापट्ट्यांचं घट्ट विणीचं कापड त्याला उत्तम. पॉलिस्टर मिसळलेलं नको, ते वितळतं.

दगड, पोलाद आणि कान

इथे वेळ घालवा, कारण सगळी विद्या इथेच आहे.

घोडा सुटला की दगडाची धार फ्रिझन नावाच्या पोलादी पट्टीवर घासत खाली येते. लोक म्हणतात दगडातून ठिणगी पडते. खरं तर धार पोलादाचे सूक्ष्म कण खरवडते आणि तेच कण हवेत पेटतात. म्हणून दगडाला धार हवी आणि पोलादाला कडकपणा. दगड कातड्याच्या तुकड्यात गुंडाळून घोड्याच्या जबड्यात घट्ट आवळा. धार फ्रिझनच्या संपूर्ण रुंदीला एकसारखी टेकली पाहिजे. एकच कोपरा टेकत असेल तर दगड सैल करून फिरवा. घोडा अर्ध्या चापावर असताना धार फ्रिझनपासून थोडी लांब राहते ना, हेही बघा. काही लॉकना दगडाचा उतार वर चालतो, काहींना खाली. दोन्ही करून बघा आणि जास्त ठिणग्या कशात पडतात ते लिहून ठेवा.

इंग्लंडमधल्या ब्रँडनचा काळा दगड आणि फ्रान्सचा मधाळ रंगाचा दगड, दोन्ही चांगले. एक दगड काही डझन बार टिकतो. शिकारीला जाताना धारदार दगड लावा आणि खिशात दोन ठेवा. बोथट झालेल्या दगडाने 'अजून एक दिवस' काढण्यात काही वाचत नाही.

फ्रिझन आणि दगड दोन्ही कोरडे आणि तेलविरहित हवेत. बोटांचा घामसुद्धा पुसा. अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या चिंधीने दर काही बारांनंतर पुसलं की पुरतं.

आता कान. रंजक पेटते, तिची ज्वाळा या बारीक छिद्रातून आत जाते आणि मुख्य दारू पेटते. छिद्रात राख किंवा तेल अडकलं तर वाटीत भक्कन उजेड होतो, बंदूक गप्प राहते. म्हणून प्रत्येक बारानंतर बारीक तारेने कान कोरा. ही तार मी दोऱ्याने शिंगालाच बांधून ठेवतो.

रंजक किती? नवखा वाटी शिगोशीग भरतो. मग रंजक वातीसारखी जळत आत पोचते आणि तुम्हाला 'फुस्स… धडाम' असं ऐकू येतं. तीन-चार ग्रेन पुष्कळ. कान झाकला जाणार नाही एवढीच. ज्वाळेला वाट मोकळी असली की दोन आवाज ऐकू येत नाहीत, एकच येतो.

बार भरण्याचा क्रम

१. गज नळीत सोडून बंदूक रिकामी असल्याची खात्री करा. गजावर दोन खुणा हव्यात: रिकाम्या नळीची आणि ठरलेला बार भरलेल्या नळीची.

२. घोडा खाली असू द्या आणि फ्रिझनवर कातड्याची टोपी घाला. वाटी रिकामी.

३. अल्कोहोलच्या पॅचने नळीतलं तेल काढा, कोरड्या पॅचने पुसा, कान कोरा.

४. बंदूक उभी धरा, तोंड स्वतःपासून दूर. मापाने दारू ओता आणि नळीवर हाताने दोन थापा मारा.

५. ओलसर किंवा चरबी लावलेला पॅच, त्यावर गोळी. आखूड दांडीने आत दाबा.

६. गज तोंडाजवळ चार-सहा इंचांवर धरून थोडं थोडं दाबत खाली न्या. गज लांबून धरून जोर लावला तर लाकूड मोडतं आणि त्याचं टोक तळहातात घुसतं.

७. गोळी दारूवर टेकली पाहिजे. गजावरची दुसरी खूण नळीच्या तोंडाशी आली म्हणजे टेकली. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगू शकते किंवा फुटू शकते. हा नियम कुठल्याही घाईत मोडायचा नाही.

८. गज बाहेर काढून जागेवर ठेवा. नेम धरायच्या जागी पोचल्यावर, तोंड सुरक्षित दिशेला ठेवून, टोपी काढा, घोडा अर्ध्या चापावर घ्या, रंजक घाला, फ्रिझन बंद करा.

सरावात प्रत्येक बारानंतर ओलसर पॅच एकदा नळीतून फिरवा. काळ्या दारूची काजळी साचली की चौथी-पाचवी गोळी अर्ध्यावरच अडते.

डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण, हे न बोलता पाळायचं. आणखी एक, जे पुष्कळांना ठाऊक नसतं: बंदुकीच्या कानातून ज्वाळेचा फवारा उजवीकडे आडवा उडतो. तुमच्या उजव्या हाताला जवळ कुणी उभं राहू देऊ नका, फोटो काढणारा मित्रसुद्धा.

नेम धरून उभं राहणं

चाप दाबल्यापासून गोळी सुटेपर्यंत आधुनिक रायफलपेक्षा अंमळ जास्त वेळ जातो, आणि त्याच क्षणी गालाजवळ ज्वाळा उडते. शरीर दचकतं, डोळे मिटतात, नळी हलते. या बंदुकीवरची बहुतेक चुकलेली गोळी इथे चुकते.

उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे. दगडाच्या जागी त्याच आकाराचा लाकडाचा तुकडा लावा आणि रिकाम्या बंदुकीने भिंतीवरच्या खुणेवर रोज वीस वेळा चाप ओढा. घोडा पडल्यावर मनात 'एक, दोन' म्हणेपर्यंत माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा) खुणेवरून हलू द्यायची नाही. महिनाभर हे केलं की रेंजवर फरक दिसतो.

रेंजवर आधी २५ यार्ड, मग ५०. जेवणाच्या कागदी प्लेटवर, टेकू न घेता, ५० यार्डांवरून लागोपाठ पाच गोळ्या पडल्या की तुमची शिकारीची मर्यादा ५० यार्ड. त्या पुढे ७५ साठी पुन्हा हीच परीक्षा. १०० यार्डांपर्यंत जाताना गोल गोळी आपला निम्म्याहून जास्त जोर गमावते. कागदावर बसतं म्हणून हरणावर मारू नये.

बार उडाला नाही तर? बंदूक लक्ष्याकडेच धरून ठेवा, पूर्ण एक मिनिट. आत दारू धुमसत असू शकते. मग कान कोरा, नवी रंजक घाला, पुन्हा प्रयत्न करा. आणि कधीतरी दारू न घालताच गोळी ठासली जाईल. गप्पा मारत भरलं की हमखास होतं. अशा वेळी कानातून थोडी थोडी चार एफची दारू आत सरकवा, गोळी तळाशी टेकल्याची गजाने खात्री करा, आणि सुरक्षित दिशेला उडवून टाका.

डिसेंबरचं जंगल

माझ्या पहिल्या हंगामात एक मादी ४० यार्डांवर आडवी उभी राहिली. चाप ओढला, 'टक्' एवढाच आवाज आला. पहाटे रंजक घातली होती आणि झिमझिम पावसात तीन तास तीच ठेवली होती. वाटी उघडली तर आत राखाडी चिखल. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते, ताजी रंजकही दमट दिवसात मरते. तेव्हापासून ओलसर हवेत दर अर्ध्या तासाने जुनी रंजक झटकतो, वाटी कोरडी पुसतो, नवी घालतो. लॉकवर चरबी चोळलेल्या कातड्याचं झाकण आणि वाटीच्या कडेला मेणाची बारीक रेघ, एवढ्याने पाऊस बराच थोपतो.

आणखी एक: हंगामात भरलेली बंदूक गरम घरात आणू नका. थंड नळीवर आतून दव धरतं आणि दुसऱ्या दिवशी बार फुसका. रंजक काढून टाकलेली बंदूक राज्याच्या नियमात वाहनासाठी रिकामी मानली जाते, पण घरात मुलं असतील तर मी तेवढ्यावर थांबत नाही. संध्याकाळी बार सुरक्षित जागी उडवून बंदूक साफ करतो.

या दिवसांत हरणं कळपाने असतात. माजाचा काळ संपलेला असतो, खाणं हीच काळजी. दक्षिणेकडे तोंड असलेले उन्हाचे उतार, लॉरेलची दाट झुडपं, ओकची फळं पडलेली जागा, कापलेल्या मक्याची शेतं, इथे बसा. राज्याची स्टेट गेम लँड्स सुमारे १५ लाख एकर आहेत, खासगी जमीन नसली तरी अडत नाही. कायदेशीर वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. नारिंगी कपडे सक्तीचे असोत वा नसोत, घालाच.

हरीण आडवं, उभं, आणि तुमच्या मर्यादेत असेल तरच मारा. पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या एक तृतीयांश भागात. पळत्या हरणावर या बंदुकीने मारू नये. चापानंतरच्या त्या विलंबात ते पुढे गेलेलं असतं आणि गोळी पोटात बसते. दुसरा बार लगेच नसतो.

बार उडाला की समोर पांढऱ्या धुराची भिंत. वाकून धुराखालून बघा, हरीण कुठल्या झाडापाशी दिसेनासं झालं ते मनात पक्कं करा. मग जागेवरच उभं राहून पुन्हा बार भरा. अर्धा तास थांबा आणि मगच रक्ताच्या मागावर निघा. बर्फ असेल तर माग सोपा. नसेल तर प्रत्येक थेंबापाशी नारिंगी फीत बांधत जा, मागे वळून बघितलं की दिशा दिसते.

सापडल्यावर आधी टॅग लावा, मग आतडी काढा. सीडब्ल्यूडी या हरणांच्या रोगाच्या नियंत्रित भागात असाल तर डोकं आणि पाठीचा कणा भागाबाहेर नेता येत नाही, हे आधीच बघून ठेवा. जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाका, त्यात शिशाचे कण असू शकतात. या मांसात चरबी जवळजवळ नसते, म्हणून रस्सा मंद आचेवर बराच वेळ शिजवा. काळ्या मसाल्यात ते सुरेख लागतं. घरात खपणार नसेल तर 'हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट' हा उपक्रम १९९१ पासून शिकाऱ्यांनी दिलेलं मांस गरजूंपर्यंत पोचवतो.

त्याच रात्री

कितीही दमलात तरी बंदूक त्याच रात्री धुवा. काळ्या दारूची राख एका दमट रात्रीत नळीला गंज चढवते. आधी रिकामी असल्याची खात्री, मग लॉक काढून ठेवा. कोमट पाणी, थोडा साबण, पॅचमागून पॅच, पांढरा बाहेर येईपर्यंत. लॉक वेगळं धुऊन, वाळवून, तेलाचा थेंब. नळी पूर्ण कोरडी झाल्यावर तेलाचा पॅच फिरवा आणि बंदूक तोंड खाली करून ठेवा, म्हणजे जास्तीचं तेल कानाकडे न जाता बाहेर येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक कोरडा पांढरा पॅच पुन्हा फिरवून बघा. त्यावर तपकिरी छटा दिसली तर काल कुठेतरी ओल राहिली आहे. पुन्हा पुसा, पुन्हा तेल लावा, आणि तिसऱ्या दिवशी परत बघा.